गॅब्रिएलसाठी उभी राहणारी

जून महिन्यातल्या एका शनिवारी लुइझियानातल्या पेटिबोन धक्क्याच्या बांधावर नावं घेतली जातात. गावात चर्च आहे, दुकान राहिलेलं नाही. पोस्टही गेलं. पण त्या सकाळी मोन्रोहून, जॅक्सनहून गाड्या येतात आणि बांधाखालच्या गवतात उभ्या राहतात. माणसं बांधावर चढतात आणि मिसिसिपी नदीकडे पाठ करून एका रांगेत उभी राहतात. अमेरिकी यादवी युद्धातल्या लढाईच्या दिवशी गुलामीतून सुटलेले शिपाई असेच उभे होते. मग चर्चचा डीकन होझिया स्वेझी लढाईत पडलेल्यांची नावं म्हणतो. हातात कागद नसतो. त्याला बापानं पढवली, बापाला आजोबानं. ज्यानं पहिल्यांदा म्हटली, त्याला लिहिता येत नव्हतं. एकेक नाव आलं की त्या शिपायाच्या घरातलं कुणीतरी मोठ्यानं उत्तर देतं, "जागा सोडली नाही." मग पुढचं नाव.

गॅब्रिएल हॅर्बिसन हे नाव आलं की व्हर्लीन टिलरी उत्तर द्यायची.

तो तिचा कुणी लागत नव्हता.

टिलरी मंडळी गावात उशिरा आली. नदीपलीकडून, अर्धेलीनं कापूस करायला. तोवर लढाई होऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या. पेटिबोन धक्क्यावर नव्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. देवाला कुठं जातोस आणि बांधावर कुणासाठी उभा राहतोस. टिलरींकडे दुसऱ्याचं उत्तर नव्हतं. नावं चालू असताना ते खाली झाडाखाली टेबलं मांडायचे, माश्या वारायचे. व्हर्लीनचं लहानपण तिथं गेलं. वरून आवाज यायचे, आणि तिच्या हातात लिंबू सरबताचा जग असायचा.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात नुकतीच लागली होती तेव्हा एकदा म्हाताऱ्या मिस पिंकी जेटर मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्या दोघांसाठी उत्तर द्यायच्या. एक त्यांचा स्वतःचा आयझम. दुसरा गॅब्रिएल, ज्याच्या मागं कुणीच उरलं नव्हतं.

"पोरी, मला आता बांध चढवत नाही," त्या म्हणाल्या. "आयझमला माझी नात बघेल. गॅब्रिएलचं कुणी नाही. तुझंही वर कुणी नाही. घेऊन टाक."

"असं घेता येतं?"

"मी देतेय ना?"

त्या जूनला व्हर्लीन पहिल्यांदा बांधावर चढली. आवाज चिरकला. पुढच्या वर्षी चिरकला नाही. जेवणाच्या रांगेतल्या पोरांवर ओरडून ओरडून तो असा तयार झाला, की डीकन म्हणायचा, हिनं हाक मारली तर नदीपलीकडची माणसं ताट घेऊन उभी राहतील. नवरा लवकर गेला. मुलगा ह्यूस्टनला स्थायिक झाला. गावात तिची ओळख एकच राहिली. व्हर्लीन, गॅब्रिएलची.

ज्याच्यासाठी उभं राहायचं, त्याच्याविषयी काही ठाऊक नसावं हे तिला पटेना. ती म्हाताऱ्यांना विचारत सुटली. वाचनालयातून पुस्तकं आणली. रिटायर झाल्यावर शाळेच्या सहली ती रणभूमीवर न्यायला लागली. सरकारनं रस्त्याकडेला लावलेल्या फलकावर 'येथे चकमक झाली' असं लिहिलंय. व्हर्लीन पोरांना त्या फलकाकडे पाठ करून उभं करायची आणि म्हणायची, "लढाई. म्हणा."

"लढाई," पोरं म्हणायची.

"हां. आता चला."

हे सगळं असं चाललेलं असताना एप्रिलमध्ये फोन आला. ओहायोतल्या टोलीडोहून योलांडा एमॉस नावाची बाई बोलत होती. इस्पितळात नर्स होती. बोलणं अदबीचं.

"मिस व्हर्लीन, तुम्ही गॅब्रिएल हॅर्बिसनसाठी उभ्या राहता असं कळलं. आम्हाला वाटतं, तो आमचा आहे."

व्हर्लीन खुर्चीत बसली. "कुठल्या बाजूनं? भावाकडून का बहिणीकडून?"

"त्याच्या मुलांकडून."

"त्याला मुलं कुठली, बाळ? लग्नाआधीच गेला तो. एकवीस वर्षांचा होता."

"नऊ होती," योलांडा म्हणाली.

टोलीडोच्या दफनभूमीत एमॉस घराण्याच्या मूळ पुरुषाचा दगड होता. त्यावर लिहिलं होतं, गॅब्रिएल एमॉस, आणि खाली बारीक अक्षरात, 'पेटिबोन धक्क्याला हॅर्बिसन होतो.' घरच्यांना त्याचा अर्थ कधी लागला नाही. सगळे समजत, पाथरवटानं दुसऱ्याच कुणाचं काहीतरी कोरलं आणि पैसे वाचवायला तसंच ठेवलं. पेटिबोन धक्का हे योलांडाला एखाद्या बोटीचं नाव वाटायचं. मग एके दिवशी तिच्या इस्पितळात जॅक्सनची एक म्हातारी आली आणि बोलता बोलता बांधावरच्या नावांविषयी सांगू लागली. बाकीचं योलांडानं जुन्या कागदपत्रांतून जुळवलं.

फौजेत नाव घालताना गुलामांना मालकाचंच आडनाव लागायचं. गॅब्रिएल जखमी होऊन फौजेच्या तोफांच्या बोटीवर पोचला, तिथं कुणीतरी त्याला नाव विचारलं, आणि त्यानं बापाचं सांगितलं. बाप एमॉस. पोरगा लहान असतानाच बाप दुसरीकडे विकला गेला होता. इकडे गॅब्रिएल हॅर्बिसन नावाचा शिपाई सापडेना. त्याला मेलेल्यांत धरला.

व्हर्लीननं फोन ठेवला. आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. झालाही. तो पोरगा जगला, म्हातारा झाला, नातवंडं मांडीवर घेतली. पण तिनं कॅलेंडर उलटून जूनचा शनिवार काढला आणि बघत बसली.

रविवारी प्रार्थनेनंतर पायऱ्यांवरच तिनं डीकनला सांगितलं. त्यानं हॅट काढून डोकं पुसलं.

"देवाची कृपा," तो म्हणाला. "मग काढायला हवं."

"काय काढायला हवं?"

"नाव. माणूस ओहायोत म्हातारा होऊन गेला. आपण इथं पडलेल्यांची नावं घेतो."

"इतकी वर्षं घेतलंस."

"ठाऊक नव्हतं म्हणून घेतलं. माझा खापरपणजोबा त्या दिवशी याच बांधावर होता. वाचला. त्याचं नाव घेतो का मी?"

डीकन खरं बोलत होता, म्हणूनच जास्त लागलं.

"आणि वाचला कसा, तेही कुणाला ठाऊक?" तो पुढे म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. बरेच जण नदीकडे धावले त्या दिवशी. तेही बोटीवर चढले. तूच सांगतेस पोरांना."

"होझिया, तोंड सांभाळ."

"सिस्टर टिलरी, मी कुणाला पळपुटा म्हटलेलं नाही."

एरवी तो तिला नावानं हाक मारायचा. सिस्टर टिलरी म्हणाला, की समजायचं, गडी बोलून बसलाय आणि मागे हटणार नाहीये.

मिस पिंकीची नात क्लिओथा जेटर मागेच उभी होती. लहानपणापासूनची मैत्रीण. ती व्हर्लीनच्या कानाशी येऊन म्हणाली, "नवरा गेला, आता हाही निघाला. तुझ्याकडे पुरुष टिकतच नाही बघ."

"तुझा टिकलाय, त्याचं काय लोणचं घातलंस?"

दोघी हसल्या. पण घरी जाताना व्हर्लीनला दिसत होतं ते जूनमधलं झाड, त्याखालची टेबलं, आणि सरबताचा जग.

जूनमध्ये, नावांच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी एमॉस बाप-लेक आले. लिअँडर एमॉस गॅब्रिएलचा पणतू. उंच, रुंद, काठी घेऊन चालणारा. उभं आयुष्य काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर गेलेलं, म्हणून लुइझियानाच्या उन्हाचं त्याला काही वाटलं नाही. योलांडानं मात्र गाडीतून उतरताच पाण्याची बाटली डोक्यावर ओतली.

व्हर्लीननं आधी त्यांना फलकाकडे पाठ करून उभं केलं.

"इथं काय झालं?"

लिअँडरनं मान वळवून वाचायचा प्रयत्न केला. "चक..."

"लढाई," व्हर्लीन म्हणाली. "चला."

अर्धी रणभूमी नदीनं खाल्लीय. उरलेल्या अर्धीत सोयाबीन आहे. व्हर्लीन बांधावरून चालत सांगत होती. उभे होते ते महिनाभरापूर्वी कापूस खुरपत होते. अंगावर निळा डगला आला, पायात नव्या बुटांनी फोड आले. बंदुका मिळाल्या त्या जुन्या, परदेशी, जड. गोळी भरायची कशी, ते धड शिकवूनही झालं नव्हतं. समोरून पहाटे मालकांच्या बाजूची, टेक्सासची फौज आली. ती मुरलेली होती. बांधावर कापसाच्या गाठी रचल्या होत्या, ज्या यांनीच बांधलेल्या. आडोसा तेवढाच.

"गॅब्रिएलची तुकडी इथं. डाव्या टोकाला. पहिला घाव इथंच बसला."

तिनं लिअँडरच्या हातात झाडूचा दांडा दिला आणि एक गुंडाळलेला कागदी रुमाल. सहलीच्या पोरांना द्यायची तसाच. कागद दातानं फाडायचा, दारू ओतायची, गोळी घालायची, गजानं ठासायची, ठिणगीची टोपी बसवायची, मग नेम. तिनं दोनदा करून दाखवलं.

"मी त्या चरातून तुमच्याकडे चालत येते. धावत नाही. म्हातारी बाई आहे. मी पोचायच्या आत बंदूक भरा."

ती बांध उतरून चरापर्यंत गेली. पदपथावरून बाजाराला निघाल्यासारखी चालत आली. हातात संगीन म्हणून लाकडी डाव. लिअँडरनं रुमाल फाडला, थुंकला, दांडा पायाशी टेकवला, गज म्हणून स्वतःची काठी घेतली, ती निसटली, वाकून उचलली. सरळ झाला तेव्हा डाव त्याच्या छातीला लागलेला होता.

तो हसला. मग हसू जागीच राहिलं.

"मग ते काय करायचे?"

"दांडा उलटा धरा."

त्यानं धरला. जाड टोक वर, सोट्यासारखा.

"असे लढले," व्हर्लीन म्हणाली. "दस्त्यानं. संगिनीनं. हातानं. दिवस वर येईपर्यंत. मग मागून तोफांची बोट आली तेव्हा ते लोक हटले."

योलांडा नदीकडे बघत होती. सोयाबीनवरून वारा आला आणि गेला. व्हर्लीनला विचारायचं होतं ते तिनं आता विचारलं, कारण यापुढे धीर झाला नसता.

"मिस्टर एमॉस, राग मानू नका. त्याची जखम कुठं होती? पुढून का पाठीत?"

"बाबा, चला," योलांडा म्हणाली.

लिअँडरनं हातानंच तिला थांबवलं. "मला ठाऊक नाही. तो गेला तेव्हा माझे वडील बाळ होते. पळाला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला नाही म्हणायचं. उद्या कुणी म्हणेल, त्याला काय सांगू ते विचारतेय."

"पळायचं असतं तर तोफखान्यात कशाला गेला असता?"

"कुठल्या तोफखान्यात?"

"मेम्फिसच्या. दवाखान्यातून सुटला आणि तिथंच परत फौजेत गेला. एमॉस म्हणून. युद्ध संपेपर्यंत होता, संपल्यावरही राहिला. आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल ते. पणजोबा तोफखान्यात होते. इथलं तेवढं ठाऊक नव्हतं."

योलांडा गोंधळली. "मी सांगितलं नव्हतं? मला वाटलं, ते तुमच्याकडे असेलच."

व्हर्लीन खाली गवतावर बसली. मुंग्या आहेत का तेही बघितलं नाही.

"परत गेला?"

"हो."

"हे इथलं बघून?"

"हो."

"कुणी जबरदस्ती केली नाही?"

"मिस व्हर्लीन, नऊ पोरं देणारी बायको त्याच्यावर जबरदस्ती करू शकली नाही. रविवारी दाढी करायचा नाही तो."

व्हर्लीन मोठ्यानं हसली. डोळे पुसले. मग म्हणाली, "इकडे का नाही आला कधी? त्याला कळलं असतं, आपण त्याचं नाव घेतो."

"कशाला येईल?" लिअँडर म्हणाला. दांडा अजून त्याच्या हातात उलटाच होता. "इथं त्याला हॅर्बिसनच म्हटलं असतं."

ते वाक्य व्हर्लीन संध्याकाळपर्यंत घेऊन फिरली. दर जूनला ज्या नावाला तिनं उत्तर दिलं होतं, ते त्याच्या मालकाचं होतं.

मासे साफ करायला चर्चच्या मागं सगळे जमले तेव्हा तिनं डीकनला मेम्फिसचं सांगितलं. कॅटफिशची कातडी ओढता ओढता त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"मोठा माणूस," तो म्हणाला. "मी चुकीचं बोललो त्या दिवशी. माझे शब्द मागे घेतो."

"मग?"

"मग काय? मेला नाही ना इथं? व्हर्लीन, ही नावं माझी नाहीत. मला जशी दिली तशी खरी ठेवायची, एवढंच माझं काम. खोटं कळल्यावर कसं म्हणू?"

तो हट्टानं बोलत नव्हता. तिनं चाकू धुतला आणि घरी गेली.

शनिवारी सकाळी ती तरीही बांधावर चढली. डाव्या टोकाला, नेहमीच्या जागी. शेजारी लिअँडर, त्याच्या पलीकडे योलांडा. नाव गाळलं तर खाली उतरायचं आणि ताटांवरची फडकी काढायला लागायचं, असं तिनं ठरवलं होतं. रडायचं नाही.

डीकननं हॅट काढली आणि सुरुवात केली. अॅल्फ्रेड. बर्ड. सीझर. एकेक उत्तर येत होतं. काही थरथरती, काही पोरांची कोवळी. जागा सोडली नाही. जागा सोडली नाही. लिअँडर प्रत्येक वेळी मान हलवत होता.

"फ्रँक हॅर्बिसन," डीकन म्हणाला.

"जागा सोडली नाही," म्हातारा वुड्रो बोलला.

डीकननं तोंड उघडलं. शब्द आला नाही.

सहा-सात वर्षांचा असल्यापासून तो ही नावं म्हणत होता. पोरांचा पाढा असतो तशी ती एकामागं एक लागलेली होती. फ्रँकनंतर गॅब्रिएल, गॅब्रिएलनंतर पुढचा. मधला काढला आणि पुढचा कुठं गेला ते जिभेला कळेना. पाढा अडला की पोरं मागून धावत येतात, तसं त्यानं केलं.

"फ्रँक हॅर्बिसन."

"जागा सोडली नाही," वुड्रो जरा चकित होऊन परत म्हणाला.

पुन्हा काही नाही. डीकनच्या मानेवरून घाम ओघळला. आयुष्यात तो बांधावर अडखळला नव्हता. रांगेत कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढचं नाव कुठलं हे निम्म्या लोकांना ठाऊक होतं, क्लिओथाला तर होतंच, तिचाच तो आयझम. ती व्हर्लीनकडे बघत राहिली.

"फ्रँक हॅर्बिसन," तिसऱ्यांदा.

"अरे, नाहीच सोडली त्यानं," वुड्रो म्हणाला.

कुणीतरी हसू दाबलं. डीकननं डोळे मिटले. व्हर्लीनला त्याची दया आली. तीही अशीच पहिल्या वर्षी चिरकली होती.

"होझिया," ती म्हणाली. ताट सांडलेल्या पोराशी बोलायची तसा आवाज. "घे ना त्याचं नाव."

त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, आणि ते आपोआप बाहेर आलं.

"गॅब्रिएल हॅर्बिसन."

"गॅब्रिएल एमॉस," व्हर्लीन म्हणाली.

रांगेतली डोकी वळली. उत्तराच्या जागी तिथं कधी दुसरं काही कुणी बोललं नव्हतं. तिनं श्वास घेतला आणि नदीपलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाली, "जागा सोडली नाही. बरा झाला, आणि परत गेला."

शेजारी लिअँडरनं काठी योलांडाकडे दिली आणि हात सरळ ठेवून उभा राहिला.

डीकननं ओठातल्या ओठात म्हणून बघितलं, गॅब्रिएल एमॉस. एकदा. आणखी एकदा, जरा मोठ्यानं, फ्रँकच्या मागं लावून. नावं पाठ करताना लहानपणी असंच करायचा असेल.

"आयझम जेटर," तो म्हणाला.

"जागा सोडली नाही," क्लिओथा म्हणाली, आणि बाकीची नावं सरळ शेवटपर्यंत गेली.

जेवताना डीकन ताट घेऊन व्हर्लीनच्या समोर येऊन बसला. मासा, मक्याचा पाव, बटाट्याचं सॅलड.

"घसा सुकला होता," तो म्हणाला.

"हो ना. ऊन किती होतं."

"पण मग माझा खापरपणजोबा? तोही वाचलाच. त्याचं का नाही?"

"मी कुठं नको म्हटलं? कुणीतरी उभं राहा म्हणावं. तुझी सून दोन वर्षं विचारतेय, मी कुणासाठी चढू."

डीकन चावायचा थांबला. हे त्याला सुचलं नव्हतं. तो मान हलवत उठला आणि सुनेला शोधायला गेला.

लिअँडर पलीकडे बसून पीच पायची दुसरी वाटी संपवत होता. म्हणाला, "मिस व्हर्लीन, आम्ही लांब राहतो. दरवर्षी जमेल असं नाही. योलांडाला सुट्टी मिळत नाही. मी विचार करतोय, पुढच्या वर्षी त्याच्यासाठी कुणी..."

"मी आहे की."

"नाही, म्हणजे आता आम्ही सापडलो. तुम्ही इतकी वर्षं केलंत. तुमच्यावर ओझं नको. म्हणून विचारतोय, तुम्हाला चालेल का?"

व्हर्लीननं त्याच्या वाटीत न विचारता आणखी दोन चमचे वाढले.

"मिस्टर एमॉस, तुम्ही आलात तर माझ्या शेजारी उभे राहा. नाही आलात तर नका येऊ. पण त्याच्यासाठी उत्तर मी देते. हे मी तुम्हाला विचारत नाहीये."

लिअँडरनं चमचा खाली ठेवला. "नाही, मॅडम," तो म्हणाला. "विचारू नका."